वर झालेले हात

“बाई, ह्या चिठ्ठ्या आमच्या न्हाईत,” दिगंबर म्हणाला. “कुणीतरी बदलल्यात.”

चौथीचा अख्खा वर्ग माझ्या टेबलाभोवती जमला होता. टेबलावर पत्र्याचा रिकामा डबा आडवा पडला होता आणि त्यातून निघालेल्या चिठ्ठ्यांचे दोन ढीग झाले होते. एक चांगला उंच, दुसरा अगदीच बसका. दिगंबर मतमोजणी अधिकारी होता. ते पद मिळाल्यापासून त्यानं शर्टाचं गळ्याचं बटणही लावून घेतलं होतं.

“डबा कुणाच्या ताब्यात होता?” मी विचारलं.

“माझ्याच.”

“जागेवरून उठला होतास?”

“न्हाई.”

“मग बदलल्या कुणी?”

दिगंबरनं डबा उचलून आत डोकावून बघितलं. पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं, आणि त्याचं बरोबरच होतं. थोड्याच वेळापूर्वी याच मुलांना मी विचारलं होतं की सहलीला कुठं जायचं, शिंगणापूरच्या डोंगरावर की मायणीच्या तळ्यावर पक्षी बघायला. शिंगणापूर म्हणताच पहिल्या रांगेतल्या सुवर्णाचा हात वर गेला आणि तिच्यामागं सगळ्या वर्गाचे हात वर गेले. तळ्यासाठी एकही हात नव्हता. मग तोच प्रश्न मी चिठ्ठीवर विचारला. प्रत्येक चिठ्ठीवर एक डोंगर आणि एक तळं काढलेलं होतं, आवडेल त्यावर कापलेल्या भेंडीचा ठसा मारायचा होता. आता तो उंच ढीग होता तो तळ्याचा.

“मंग हात कुणी वर केलं व्हतं?” सुवर्णानं विचारलं.

“तुम्हीच.”

“आन् चिठ्ठ्या?”

“त्याही तुम्हीच.”

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी हसलं नाही. शेजारी बसणाऱ्या ओळखीच्या पोराच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे, हे पहिल्यांदा कळल्यासारखी ती बघत होती.

ही गोष्ट माणदेशातल्या बोरसोंड नावाच्या गावातली. शाळा दोनच खोल्यांची, शिक्षक दोन. मुख्याध्यापक लोखंडे गुरुजी आणि मी. माझी नोकरी नवी होती. त्या वर्षी विधानसभेच्या निवडणुकीला मला मतदान अधिकारी म्हणून दुसऱ्या तालुक्यात पाठवलं होतं. तिथून परत आल्यावर परिसर अभ्यासातला ग्रामपंचायतीचा पाठ शिकवायला घेतला आणि मुलांना विचारलं, “मतदान म्हणजे काय?” एक मुलगी म्हणाली, “शाळेला सुट्टी.” कारण केंद्र शाळेतच असायचं. मग विचारलं, “आपली ग्रामपंचायत कशी निवडतात?” सगळे एका सुरात म्हणाले, “आण्णा सांगत्यात.”

ते खरंच होतं. बोरसोंडची ग्रामपंचायत झाल्यापासून तिच्यासाठी एकदाही मतदान झालं नव्हतं. दर वेळी गाव देवळापुढं बसायचं, मारुतराव काळेल म्हणजे आण्णा नावं वाचायचे, लोक हात वर करायचे आणि निवडणूक बिनविरोध व्हायची. त्याबद्दल तालुक्याला गावाचा सत्कार झाला होता. आण्णा माणूस वाईट नव्हते. गावात पाण्याची टाकी आली ती त्यांच्या खेटे घालण्यामुळं, आणि आमच्या शाळेची दुसरी खोलीही त्यांनीच साताऱ्याला जाऊन जाऊन मंजूर करून आणली होती. “बोरसोंडात कधी मत फुटलं न्हाई,” हे ते ज्या अभिमानानं म्हणायचे तो खोटा नव्हता. सुवर्णा त्यांची नात.

पुस्तकातला पाठ वाचून मुलं जांभया द्यायला लागली, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि वर्गाचं मतदान केंद्र केलं. बिस्किटांचा मोठा खोका कापून आडोसा केला. खाऊच्या डब्याच्या झाकणाला चिमटीएवढी फट पाडली. शाई म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीतलं जांभळं औषध घेतलं. केंद्राध्यक्ष, अधिकारी, शिपाई, सगळी पदं मुलांना वाटून दिली. ठशाची कल्पना दिगंबरची. मी आधी चिठ्ठीवर लिहायला सांगत होते, तर तो म्हणाला, “अक्षरावरनं वळखू येतंय की, बाई.” त्याच्या घरच्या मळ्यात भेंडी होती. दुसऱ्या दिवशी तो खिशात भेंड्या घेऊन आला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत सुवर्णा माझ्याकडं आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “बाई, मी बी तळ्यावरच ठसा मारला.”

“आणि हात?”

“आण्णा म्हनलं व्हतं, शिंगणापूरला जानार आसाल तर आपला टेम्पो देतो. मंग मी हात वर केला.” तिनं वर्गाकडं वळून बघितलं. “पर बाकीच्यांनी कशापायी केला?”

“तुला काय वाटतं?”

“माझा बघून,” ती म्हणाली. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, “आन् मी आण्णांचा बघून. पर आण्णा तर हितं नव्हतंच.”

मला वाटलं पाठ संपला. पण मुलांच्या डोक्यातून तो डबा जाईना. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले तर आडोसा मांडलेला, चिठ्ठ्या फाडून तयार. खिचडीत मटकी हवी की वाटाणा, हे त्यांना दोनदा विचारायचं होतं, एकदा हात वर करून आणि एकदा चिठ्ठीवर. उत्तर दोन्ही वेळा मटकीच आलं. मुलं हिरमुसली. मग खो-खो की क्रिकेट विचारलं. हात क्रिकेटला, चिठ्ठ्या खो-खोला. पुन्हा आनंद झाला. मग कुणीतरी विचारलं, “लोखंडे गुरुजींची छडी पायजे का नको?” हा प्रश्न मी चिठ्ठीवर येऊ दिला नाही. पण हात मात्र वर करायला सांगितले, कारण गुरुजी त्या वेळी दारातच उभे होते. सगळ्यांनी छडी पाहिजे म्हणून हात वर केले. गुरुजी खूश होऊन गेले आणि वर्ग इतका हसला की शेजारच्या खोलीतली पहिली-दुसरीची पोरं दाराशी येऊन उभी राहिली.

फळ्याच्या एका कोपऱ्यात सुवर्णानं दोन रकाने आखले होते. एकात ज्या प्रश्नांना हात आणि चिठ्ठ्या सारख्या आल्या ते, दुसऱ्यात ज्यांना वेगळ्या आल्या ते. गणिताच्या तासाला, पाढे म्हणताना, तिची नजर त्या कोपऱ्याकडं असायची. तिसऱ्या दिवशी तिनं हात वर केला.

“बाई, मला घावलं.”

“काय?”

“ज्या प्रश्नावर कुनालाच राग येनार नसतो, तिथं सारखं येतं. मटकीनं कुनाला राग येतोय? पर क्रिकेट नको म्हनलं की मोठ्या पोरांना येतो. मंग येगळं येतं.”

दिगंबरनं तिचं म्हणणं लगेच पडताळून पाहिलं. फळ्याजवळ जाऊन एकेका प्रश्नावर बोट ठेवत तो “राग, न्हाई, न्हाई, राग” असं म्हणत गेला आणि शेवटी मान डोलावून जागेवर बसला.

त्यानंतर सुवर्णानं तो प्रश्न विचारला.

“बाई, मग मैदानाचं इचारायचं का?”

मैदानाचं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी ग्रामसभेत ठराव झाला होता. आमदार निधीतून गावासाठी हॉल मंजूर झाला होता, लग्नकार्याला आणि सभांना. बोरसोंड सगळं खडकाळ, सपाट जागा एकच, शाळेचं मैदान. हॉल तिथंच बांधायचा ठरलं. आण्णांनी विचारलं, गावानं हात वर केले. मुलांना कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. मैदानात चुन्याच्या रेषा पडल्या होत्या आणि मुलं त्या रेषांच्या आत खो-खो खेळत होती, जोवर खेळता येतं तोवर.

मी काही बोलायच्या आत सुवर्णा फळ्याकडं गेली होती. तिनं एक घर काढलं आणि शेजारी एक चेंडू.

नेमके तेव्हाच लोखंडे गुरुजी आत आले. त्यांनी फळा बघितला, मला बाहेर बोलावलं.

“बाई, हा प्रश्न फळ्यावर नको.”

“मुलांनीच काढलाय, गुरुजी.”

“मुलांनी काढला, पण फळा आपला आहे.” त्यांचा आवाज चढला नव्हता. ते घाबरले होते. “जागेची ना-हरकत मी दिलीय. तुम्हाला वाटत असेल, मी आनंदानं दिली असेल. आपण सरकारी माणसं. उद्या कुणी म्हणालं की शाळेतल्या बाई पोरांना गावाविरुद्ध शिकवतात, तर काय उत्तर द्याल? मला तर निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत.”

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी आत येऊन घर आणि चेंडू दोन्ही पुसले. “हा गावाचा प्रश्न आहे, वर्गाचा नाही,” असं काहीतरी सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं. शाळा सुटताना सुवर्णा म्हणाली, “बाई, डबा घरी न्हेऊ? आज्जीला दावायचाय.”

मी डबा दिला. भेंडीही दिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना आण्णा फाटकातून आत आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, काखेत आमचा पत्र्याचा डबा. लोखंडे गुरुजींचा आवाज प्रार्थनेच्या मधेच बसला. मुलांनी ती कशीबशी पूर्ण केली. आण्णा ओट्याच्या कडेला प्रार्थना संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. सुवर्णा रांगेत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती.

“आण्णा, खुर्ची आणू?” गुरुजी पुढं झाले.

“नको. बाईंच्या वर्गात बसतो जरा.”

“काही चुकलं असेल तर…”

“बसतो म्हनलं,” आण्णा म्हणाले. आवाज साधाच होता, पण गुरुजी मागं सरले.

आण्णा वर्गात आले आणि मागच्या बाजूला मुलांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. डबा त्यांनी समोर ठेवला. मी हजेरी घ्यायला लागले आणि एकच नाव दोनदा वाचलं. मनातल्या मनात मी बदलीच्या अर्जापासून ते चौकशीपर्यंत सगळं बघून आले.

“बाई,” आण्णा म्हणाले, “पोरांचा खेळ मला बघायचाय. मैदानाचा प्रश्न इचारा.”

“आण्णा, तो प्रश्न आम्ही काल पुसला.”

“म्हाईत हाय. सुवर्णीनं सांगितलं. आज मी सांगतोय, इचारा.”

मी दाराकडं बघितलं. लोखंडे गुरुजी तिथं उभे होते. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले, एवढंच.

“मीच इचारतो,” आण्णा म्हणाले. ते उठून वर्गापुढं आले. “पोरांनो, आपल्या गावाला मोठा हॉल होतोय. तुमच्या भावाभनींची लग्नं त्यात व्हतील. मैदानावर हॉल व्हावा, आसं कुनाकुनाला वाटतं?”

हात वर झाले. एकूण एक. दिगंबरचाही. सुवर्णाचाही. आण्णांनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली. देवळापुढं उभं राहून ते अशीच नजर फिरवत असतील, असं मला वाटून गेलं.

“बरं. आता चिठ्ठ्या.”

मुलं कामाला लागली. सुवर्णा केंद्राध्यक्ष होती. तिनं डबा उघडून आतून रिकामा असल्याचं सगळ्यांना दाखवलं, आण्णांनाही दाखवलं. चिठ्ठ्यांवर घर आणि चेंडू काढायला थोडा वेळ लागला. मग एकेक मूल पुढं येऊ लागलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला जांभळा ठिपका, हातात चिठ्ठी, खोक्यामागं जायचं, ठसा मारायचा, घडी घालायची, डब्यात टाकायची. आण्णा खोक्याच्या बाजूलाच उभे होते. पहिली मुलगी खोक्यापाशी आली आणि तशीच थांबली.

दिगंबर उठून आण्णांपुढं उभा राहिला. त्याला मान बरीच वर करावी लागली.

“आण्णा, हितं थांबायचं न्हाई. मत देताना जवळ कुनी नसतंय.”

दारातून लोखंडे गुरुजींचा खाकरल्याचा आवाज आला. आण्णांनी दिगंबरकडं बघितलं. हा सोपान अवघडेचा पोरगा, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा. त्याच्या बापानं आण्णांपुढं कधी तोंड वर करून बोललेलं गावानं ऐकलं नव्हतं.

“कुठं थांबू मग?” आण्णांनी विचारलं.

“भायेर.”

आण्णा बाहेर जाऊन थांबले. वर्गाकडं पाठ करून, मैदानातल्या चुन्याच्या रेषांकडं तोंड करून.

मोजणीला त्यांना आत बोलावलं. दिगंबर एकेक चिठ्ठी उलगडायचा, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरायचा आणि वाचायचा.

“चेंडू. चेंडू. चेंडू.”

आण्णा कान देऊन ऐकत होते.

“चेंडू. चेंडू. घर.”

“ह्यो कोन?” आण्णांच्या तोंडून निघालं.

“आसं इचारायचं नसतं, आण्णा,” सुवर्णा म्हणाली. ती त्यांच्याशी घरी बोलत असेल तशीच बोलली, प्रेमानं आणि थोडं दटावून.

“बरं. र्‍हायलं.”

घराची आणखी एक चिठ्ठी निघाली. बाकी सगळे चेंडू. दिगंबरनं आकडा फळ्यावर लिहिला. मुलं आण्णांकडं बघत होती. त्या खोलीत तेव्हा काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. आता पुढं काय होतं, हे बघायला मुलं टपून बसली होती. एखादं बी पेरून रोज सकाळी माती उकरून बघणारी मुलं असतात, तशी.

आण्णा बाहेर गेले. मी मुलांना वाचायला बसवलं आणि त्यांच्यामागं गेले. गुरुजींनी आपली पोरं मैदानात सोडली होती आणि त्यांच्या खोलीत चहा आला होता. आण्णांनी बशीत ओतला, पण उचलला नाही.

“आण्णा, मुलांचा यात काही दोष नाही,” मी म्हणाले. “डबा मी दिला होता.”

“दोष कोन म्हनतंय?” ते म्हणाले. “काल दिवेलागनीला समदी जेवाय बसली. मी, दोन्ही ल्योक, दोन्ही सुना, आमची म्हातारी. सुवर्णी म्हनली, आण्णा, एक खेळ खेळू. म्या म्हनलं खेळ. तिनं इचारलं, हॉल मैदानावर व्हावा का? समद्यांनी हात वर केलं. सुनांनी बी पदर सावरून केलं. मंग तिनं चिठ्ठ्या वाटल्या. माजघरात धान्याच्या कनगीच्या आड जाऊन एकेकानं ठसा मारायचा. म्हातारीला तर लई मजा वाटली, जाऊन दोनदा बघून आली.”

गुरुजी मान खाली घालून बसले होते.

“चिठ्ठ्या उघडल्या. घर एकच निघालं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“ते माझं व्हतं,” आण्णा म्हणाले. “मोजायची गरज बी न्हाई पडली. ल्योक म्हनाला, चूक झाली आसंल, ठसा इकडचा तिकडं पडला आसंल. सुना भांडी घेऊन आत गेल्या. म्हातारी तेवढी बसून र्‍हायली. तिला म्या इचारलं, तू बी? तर म्हनली, पोरं खेळायची कुठं वो मग?” त्यांनी बशी हातानं थोडी लांब सारली. “तिला माझ्या घरात येऊन किती वरसं झाली, बाई. मैदानाचा इषय घरात रोज निघायचा. एकदा बी बोलली न्हाई.”

“तुम्ही विचारलं होतं?” मी विचारलं. विचारल्यावर मला वाटलं, हे जास्तच झालं.

पण आण्णांनी त्यावर खरंच विचार केला. “इचारलं व्हतं,” ते म्हणाले. “हॉल झाला म्हंजे बरं व्हईल न्हाई, आसं इचारलं व्हतं.” मग म्हणाले, “रातभर ह्योच घोर. म्हनलं, घरातलं घरात आसंल. बायामानसांचं काय. म्हनून पोरांत येऊन बघितलं. पोरं लबाड नसत्यात.”

“आणि आता?” लोखंडे गुरुजींनी हळूच विचारलं.

“आता गाव र्‍हायलंय.”

पुढच्या ग्रामसभेला आण्णांनी हात वर करायला सांगितलं नाही. आमचा डबा आणि खोका देवळात मांडला. लोक आधी हसले, मग कुजबुजले. काहींना वाटलं, आण्णा कोण आपल्या विरुद्ध आहे ते हुडकायला निघालेत. त्यांनी मग दिगंबरला आणि सुवर्णाला पुढं बोलावलं आणि सांगितलं, “ह्यांना इचारा. चिठ्ठी कुनाची ते कळतंय का?” दिगंबरनं गावाला भेंडीचा ठसा उमटवून दाखवला. सगळ्यांच्या भेंडीची फुलं सारखीच, एवढंच तो म्हणाला. तेव्हा कुठं पहिली बाई उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या, आणि पुरुष सगळ्यात शेवटी.

मैदान राहिलं. मुलांच्या मतदानाइतकं एकतर्फी नव्हतं ते, बऱ्याच जणांना हॉल हवा होता आणि त्यांची कारणंही खोटी नव्हती. दुसरी जागा शोधण्यात वर्ष गेलं, वाद झाले आणि शेवटी निधी परत गेला. बोरसोंडात हॉल झालाच नाही. लग्नं पुढंही मांडवातच होत राहिली. एका पावसाळ्यात ऐन अक्षतांच्या वेळी मांडव उडाला, तेव्हा लोकांनी आण्णांच्या नावानं बोटं मोडली. ज्यांनी चेंडूवर ठसा मारला होता त्यांनीही मोडली असतील. कोण जाणे. सहल मात्र मायणीला गेली, आणि टेम्पो आण्णांचाच होता.

दोन वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. त्या वेळी गाव देवळापुढं बसलं, पण नावं काही एकमतानं ठरेनात. पहिल्यांदाच अर्जासमोर अर्ज भरले गेले, पहिल्यांदाच भिंतींवर चिन्हं रंगली. दोन घरांत बोलणं बंद झालं, ओढ्याकाठी एकदा हाणामारीही झाली. लोखंडे गुरुजी मला म्हणाले, “बघा बाई, डब्यातून काय काय निघालं.” ते रागावलेले नव्हते, पण गंमतही करत नव्हते. आण्णांच्या प्रभागात त्यांच्यासमोर दिगंबरचा बाप सोपान अवघडे उभा राहिला.

आण्णा पडले. थोडक्या मतांनी, पण पडले.

निकालानंतर आठवड्याभरानं ते शाळेपाशी आले. मुलं सुटून गेली होती. सुवर्णा आणि दिगंबर तेव्हा हायस्कूलला शेजारच्या गावी जात होते. मी कुलूप लावत होते. आण्णा ओट्यावर बसले. फेटा काढून शेजारी ठेवला. फेट्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

“वाईट वाटलं, आण्णा,” मी म्हणाले.

“वाईट मला बी वाटलं. दोन दिस जेवान गेलं न्हाई.” त्यांनी डोक्यावरनं हात फिरवला. “पर त्यासाठी आलो न्हाई. एक गोष्ट डोस्क्यातनं जाईना, म्हनलं बाईंना इचारावी. तुमी हे शिकवलं, तर तुमाला ठावं आसंल.”

“काय?”

“माझ्या घरात सुना, ल्योक, म्हातारी धरून पाच मतं. त्यातली मला किती पडली?”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित सुटत नाही तेव्हा फळ्यापुढं उभं राहिलेलं मूल जसं दिसतं, तसे ते दिसत होते. उत्तर पाहिजे होतं आणि उत्तराची भीतीही होती.

“हे मला कसं कळणार, आण्णा?”

“तेच म्हनतो. कुनालाच कळनार न्हाई.”

“मग घरात विचारून बघा की.”

आण्णांनी फेटा उचलून मांडीवर घेतला. समोर मैदानात संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं.

“इचारलं तर समदे हात वर करतील,” ते म्हणाले.

मग फेटा बांधायला घेतला. नीट बसला नाही म्हणून सोडला, पुन्हा बांधला आणि घराकडं निघाले.